फायटर सगळं संपवतो, बाकीचे फासे हातात धरून बसतात: जादुई शस्त्रांच्या अपग्रेडचा हिशोब कुठे बिघडतो आणि कसा दुरुस्त करायचा

तक्रार एकच असते, टेबलं बदलतात. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या भूमिका-खेळाच्या फिफ्थ एडिशनमध्ये हौसेने एक घरगुती नियम केलेला असतो: गावातल्या लोहाराकडे जा, सोनं मोजा, तलवार एक प्लसने वर जाईल, म्हणजे वार लागण्याच्या फाशात आणि डॅमेजमध्ये एकेक जास्त. आणखी सोनं दिलं की आगीचा फासा जोडून मिळेल. चौथ्या लेव्हलपर्यंत सगळे खूश असतात. सातव्या-आठव्याला फायटर दोन राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) बॉस झोपवतो, क्लेरिकवाली वार करायचं सोडून फक्त हीलिंग करते आणि विझर्डवाला आपली पाळी येईपर्यंत मोबाइल बघतो. मग डीएम राक्षसांचा एसी (आर्मर क्लास, वार लागायला गाठावा लागणारा आकडा) वाढवतो आणि प्रकरण आणखी चिघळतं.

इलाज आहे, पण कुठला आकडा फुगलाय ते आधी मोजायला हवं. बहुतेक जण थेट कात्री चालवतात आणि भलतीच फांदी छाटतात.

मुळात जागाच ठेवलेली नाही

२०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये राक्षस बनवण्याचा तक्ता आहे. चॅलेंज रेटिंग (राक्षस किती कठीण त्याचा आकडा) ३ पर्यंत एसी १३ धरलाय, ५ ते ७ ला १५, ८-९ ला १६, आणि १७ च्या पुढे १९. म्हणजे अख्ख्या कॅम्पेनमध्ये एसी सहा घरं वर जातो. आता खेळाडूची बाजू बघा. लेव्हलसोबत वाढणारा प्रोफिशियन्सी बोनस +२ वरून +६ वर जातो, म्हणजे चार घरं. मुख्य अॅबिलिटी (स्ट्रेंग्थसारखा गुण) +३ वरून +५ वर जाते, म्हणजे दोन. बेरीज सहा. पहिल्या लेव्हलला +५ घेऊन एसी १३ ला मारताना वीस बाजूंच्या फाशावर ८ लागतो, सतराव्याला +११ घेऊन एसी १९ ला मारतानाही ८ च लागतो. दोन्हीकडे ६५ टक्के.

इतका जमवून आणलेला हिशोब आहे, आणि त्यात जादुई शस्त्राचा प्लस कुठेच धरलेला नाही. २०१७ च्या झॅनॅथर्स गाइडमध्ये तर स्पष्टच म्हटलंय की पात्रं आणि राक्षस जादुई वस्तूंशिवाय एकमेकांना भिडतील असं धरून बनवलेत. म्हणून तलवारीवरचा प्रत्येक प्लस हा निव्वळ वरचा नफा असतो.

जुन्या थर्ड एडिशनची सवय असलेले इथे हमखास घसरतात. तिथे प्लसची किंमत वर्गाने वाढायची: +१ ला २,००० सोन्याची नाणी, +२ ला ८,०००, +३ ला १८,०००, +५ ला ५०,०००. आगीचा गुणधर्म घेतला तर तो +१ च्या बरोबरीचा धरून त्याच चढत्या भावात मोजायचा. वरच्या लेव्हलचे राक्षस हातात प्लसवाली शस्त्रं असणार हे गृहीत धरूनच लिहिलेले असत. तिथला लोहार उचलून फिफ्थ एडिशनच्या गावात बसवला तर दुकान चालेल, पण गाव बुडेल.

आकडे मांडून बघू

पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या. स्ट्रेंग्थ १८, हातात ग्रेटसोर्ड, पाळीत दोन अॅटॅक, समोर एसी १५. क्रिटिकल (फाशावर २० आला की डॅमेजचे फासे दुप्पट) धरून राउंडला सरासरी १५ डॅमेज निघतं.

तलवार +१ केली की १७.५. +२ केली की २०.२. +३ ला २३.१. म्हणजे +३ वर जवळजवळ ५४ टक्के वाढ, आणि आपण बोलताना ‘तीनच तर दिलेत’ म्हणतो.

आता प्लस काढून टाका आणि फ्लेम टंग द्या, म्हणजे प्रत्येक लागलेल्या वारावर २डी६ आग (सहा बाजूंचे दोन फासे). राउंडला २४.८. पुस्तकात फ्लेम टंग ‘रेअर’ आहे आणि +३ तलवार ‘व्हेरी रेअर’. या पात्राच्या हातात रेअर वस्तू व्हेरी रेअरच्या वर जाते. तिला अॅट्यूनमेंट (वस्तूशी पात्राची जोडणी) लागतं आणि अशा तीनच वस्तू जवळ ठेवता येतात, हे खरं; पण पाचव्या लेव्हलला तीन जागा भरल्यात कुणाच्या? म्हणून दुर्मीळतेची पट्टी बघून अपग्रेडचा भाव ठरवणं धोक्याचं. २०२४ च्या नव्या गाइडमध्ये अनकॉमनला ४००, रेअरला ४,०००, व्हेरी रेअरला ४०,००० असे सुटसुटीत भाव दिलेत. वापरायला सोपे आहेत, पण भाव त्या पट्टीचा असतो, ताकदीचा नव्हे.

आणि आता लोहाराच्या दुकानातला नेहमीचा सौदा: +३ आणि वर २डी६ आग, एकाच तलवारीवर. राउंडला ३५. मूळच्या दुपटीहूनही जास्त. कारण प्लसमुळे जास्त वार लागतात आणि लागलेल्या प्रत्येक वारावर आगही चढते. कागदावर आपण बेरीज लिहितो, टेबलावर गुणाकार होतो. बहुतेक बिघडलेल्या कॅम्पेनचं मूळ या एका ओळीत सापडतं.

त्याच टेबलावरची रोग, म्हणजे चोरपावलांनी लढणाऱ्या, क्लासची खेळाडू बघा. तिचा अॅटॅक एकच, स्नीक अॅटॅक (संधी साधून मारलेल्या वाराचं जादा डॅमेज) धरून राउंडला १२.४. तिला +१ दिला तर १४, म्हणजे दीडच्या आसपास वाढ. फायटरला त्याच +१ ने अडीच मिळाले होते. २डी६ आग दिली तर तिचे पाच वाढतात, फायटरचे दहा. दोघांनी लोहाराला सारखंच सोनं मोजलेलं असतं. ‘आमचं काय चुकलं’ असा तिचा चेहरा होतो तो उगाच नाही. दोन अॅटॅकनंतर फ्लरी ऑफ ब्लोजचे दोन ठोसे मारणाऱ्या मंकला हाच फासा दिला तर काय होईल ते करून बघू नका.

२०१४ च्या नियमांनी खेळत असाल तर ग्रेट वेपन मास्टर आणि शार्पशूटर ही दोन फीट्सही (पात्राने निवडायची खास कौशल्यं) मोजा. अॅटॅकवर −५, डॅमेजवर +१०. टू-हिटचा (वार लागण्याच्या फाशातला) एक प्लस म्हणजे पाच टक्के जास्त वेळा लागणं, तेव्हा त्याची किंमत एका वाराच्या डॅमेजच्या पाच टक्के. वार १२ चा असेल तर एका प्लसने ०.६ मिळतात, वार २२ चा असेल तर १.१. म्हणजे या फीटवाल्याला तोच प्लस जवळपास दुप्पट मोलाचा पडतो. २०२४ च्या आवृत्तीत ग्रेट वेपन मास्टरमधून ही −५/+१० ची अदलाबदल काढून टाकलीय, त्यामुळे नव्या पुस्तकांवर खेळणाऱ्यांना हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

एसी वाढवू नका

हे वेगळं सांगायला लागतं, कारण पहिला हात तिकडेच जातो.

आठव्या लेव्हलला फायटरचा टू-हिट +३ तलवारीसकट +११. एसी १६ ला तो ८० टक्के वेळा मारतो. साधी गदा घेतलेल्या क्लेरिकचा टू-हिट +६, ती ५५ टक्के. डीएम वैतागून एसी १९ करतो. फायटर येतो ६५ टक्क्यांवर, म्हणजे शस्त्राशिवाय होता तिथेच. क्लेरिक येते ४० वर. तिच्या आधी लागणाऱ्या चार वारांतला एकाहून जास्त हवेत गेला, आणि तिने तर लोहाराचं तोंडही बघितलेलं नाही. एका गोविंदाचा हात पोचतो म्हणून हंडी दोन थर वर नेली, तर तो पुन्हा पोचतो आणि बाकीचं पथक खाली उभं राहतं.

शिवाय सेव्हिंग थ्रोवर (समोरच्याने बचावासाठी टाकलेल्या फाशावर) चालणाऱ्या जादूला एसीशी देणंघेणं नसतं. विझर्डचा फायरबॉल पूर्वीसारखाच फुटतो. शस्त्रवाल्यांना धडा शिकवायला गेलात तर बक्षीस मिळतं जादूवाल्याला.

वेळ मारून न्यायचीच असेल तर एसी तसाच ठेवून राक्षसांची संख्या वाढवा. एका फटक्यात ३० डॅमेज करणाऱ्याने ११ हिट पॉइंटचा हॉबगॉब्लिन कापला की उरलेले १९ वाया जातात. एकटा बॉस उभा केलात तर त्याचा प्रत्येक पॉइंट कामी येतो. एकट्या बॉसच्या लढाया बंद केल्या तरी अर्ध्या टेबलांची तक्रार मिटेल, असं माझं मत आहे.

दुरुस्तीचा नियम

मला सगळ्यात पटलेली मांडणी पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या एडिशनमधली आहे. तिथे शस्त्रावर रून कोरतात. पोटन्सी रून फक्त टू-हिट वाढवतो, स्ट्रायकिंग रून फक्त डॅमेजचे फासे वाढवतो, आणि आग-थंडीसारखे गुणधर्म पोटन्सीच्या आकड्याइतकेच बसतात. प्रत्येक रूनला लेव्हल आहे: +१ दुसऱ्या लेव्हलचा, ३५ सोन्याचा, +२ दहाव्याचा, ९३५ चा, +३ सोळाव्याचा, ८,९३५ चा. पण ती व्यवस्था जशीच्या तशी उचलता येत नाही. पाथफाइंडरचे राक्षस हे रून असणार असं धरूनच बनवलेत, आणि ते वेळेवर मिळाले नाहीत तर तिथे उलटा प्रॉब्लेम होतो. फिफ्थ एडिशनसाठी घ्यायचं ते इतकंच: टू-हिट आणि डॅमेज वेगळे ठेवायचे, आणि दोघांना एकाच मर्यादित जागेत बसवायचं.

त्यावरून बेतलेला नियम असा. शस्त्राला खाचा असतात. पाचव्या लेव्हलपासून दोन, अकराव्यापासून तीन, सतराव्यापासून चार. टू-हिट आणि डॅमेजचा एक प्लस एक खाच खातो, आणि दहाव्या लेव्हलपर्यंत +१ च्या वर जाता येत नाही, सोळाव्यापर्यंत +२ च्या वर नाही. १डी६ चा जास्तीचा फासा एक खाच खातो, पण तो राउंडमध्ये एकदाच लागतो, पहिल्या लागलेल्या वारावर. ‘पाळीत एकदा’ असं लिहू नका. स्नीक अॅटॅकची भाषा तशी आहे, म्हणून दुसऱ्याच्या पाळीत ऑपर्च्युनिटी अॅटॅक (शत्रू निसटताना मारायचा वार) मिळाला की रोगवाला तो पुन्हा वापरतो, आणि ते त्याच्या क्लासचं देणं आहे. शस्त्राला ती सवलत नको.

पाचव्या लेव्हलला +१ आणि १डी६ घेतलं तर फायटर १५ वरून २०.९ वर जातो, रोग १२.४ वरून १६.६ वर. एकाला ३९ टक्के वाढ, दुसरीला ३४. अजून तंतोतंत करायच्या मागे लागू नका. एवढा फरक टेबलावर कुणाला जाणवत नाही.

तिसरा प्रकार बिनखाचीचा: कामाचे गुणधर्म. फेकलेला भाला हातात परत येणं, अनडेड जवळ आले की पातं थंड पडणं, मूठ दाबली की उजेड. यांना खाच लागत नाही, पण प्रत्येक टप्प्यावर एकच घ्यायचा. खेळाडू गोष्टी सांगतात त्या याच गुणधर्मांच्या. +२ मुळे लागलेला वार कुणाला आठवत नाही, कारण तो +२ मुळे लागला हे कळतच नाही.

हे कागदावर कसं दिसतं ते बघा. इंडेक्स कार्डावर एवढं मावतं:

वावटळ. धोप तलवार, आकडे लाँगसोर्डचे.
खाच १: +१.
खाच २: राउंडला एकदा, पहिल्या लागलेल्या वारावर १डी६ लाइटनिंग.
बिनखाचीचा: हातातून पडली तर बोनस अॅक्शनने परत हातात. अंतर ६० फुटांपर्यंत.
खाच ३ (लेव्हल ११ ला उघडते): तरुण निळ्या ड्रॅगनचं शिंग हवं, स्वतः मिळवलेलं.

नाव आधी लिहिलंय ते मुद्दाम. भवानी, तुळजा, जगदंबा ही शिवाजी महाराजांच्या तलवारींची नावं पोरासोरांना पाठ असतात. ‘प्लस टू लाँगसोर्ड’ बदलून ‘प्लस थ्री लाँगसोर्ड’ घेताना खेळाडू डोळे मिटून जुनी विकतो. वावटळ विकत नाही, तिच्यासाठी ड्रॅगनच्या मागे जातो.

शिंगाची अट सोन्याच्या जागी आहे. फिफ्थ एडिशनमध्ये १,५०० चं प्लेट आर्मर घेऊन झालं की फायटरच्या सोन्याला वाटच राहत नाही, म्हणून तो सगळं लोहाराकडे ओततो. झॅनॅथर्समध्ये वस्तू घडवायला एका विशेष घटकाची गरज ठेवलीय आणि तो राखणाऱ्या प्राण्याचं चॅलेंज रेटिंगही दिलंय: अनकॉमनला ४ ते ८, रेअरला ९ ते १२, व्हेरी रेअरला १३ ते १८. अपग्रेडला तीच पट्टी लावा. तरुण निळा ड्रॅगन ९ चा आहे, म्हणजे रेअरच्या घरात. यातून एक फायदा आयताच होतो: शिंग आणायला सगळी टोळी जाते, त्यामुळे अपग्रेड कुणाचं आधी यावर टोळीत बोलणं होतं. नाहीतर सोनं ज्याच्या थैलीत, त्याची तलवार पुढे.

विझर्ड-सॉर्सररला काय द्यायचं, हा प्रश्न लगेच येतो. सेव्ह डीसी (बचावाला गाठावा लागणारा आकडा) वाढवू नका, तो प्लस शस्त्राच्या प्लसपेक्षा महाग पडतो, कारण एका अपयशी सेव्हवर आख्खी लढाई संपू शकते. वाँड ऑफ द वॉर मेज फक्त स्पेल अॅटॅक रोलला +१ ते +३ देते, तिथवर ठीक. त्यापलीकडे एक खाच म्हणजे दिवसातून एकदा मोफत टाकता येणारा एक खालच्या लेव्हलचा स्पेल.

कॅम्पेन आधीच बिघडलंय तर

तलवार चोरीला घालवू नका. खेळाडूला दोन मिनिटांत कळतं की चोर डीएमच आहे, आणि पुढची तीन सेशन्स तो चोर शोधण्यात जातात. रस्ट मॉन्स्टर आणायची आयडियाही सोडा. फिफ्थ एडिशनमध्ये तो बिनजादूच्याच धातूला गंजवतो. तुमची +३ शाबूत राहील आणि क्लेरिकची गदा जाईल.

सेशन संपल्यावर, सगळ्यांसमोर आकडे मांडून बोला. ‘तुझा राउंड ३५ चा होतो, हिचा १२ चा, मला दोघांना पुरेल अशी लढाई लिहिता येत नाहीये’ एवढं सरळ सांगितलं तर फायटरवालाच बरेचदा म्हणतो, ‘मग दादा, काहीतरी कमी कर ना.’ त्याला कापायचं नसतं, बदलून द्यायचं असतं. +३ आणि २डी६ वाली तलवार घ्या, लेव्हलला असतील तितक्या खाचांमध्ये बसवा, आणि जे उरतं त्याच्या बदल्यात त्याने निवडलेले दोन बिनखाचीचे गुणधर्म द्या. टप्प्यात एकाची मर्यादा या एका वेळेला मोडली तर बिघडत नाही.

तो तयार नसेल तर बाकीच्यांना वर आणा. फक्त प्लस वाटून नव्हे. रोग आणि क्लेरिकला आधी राउंडला एकदाचे फासे द्या, एक अॅटॅक करणाऱ्याला ते पूर्ण लागू पडतात. मग टोळीचं एकूण डॅमेज जितक्या टक्क्यांनी वाढलं तितकेच राक्षसांचे हिट पॉइंट वाढवा. एसीला हात नाही.

आणखी दोन ठिकाणी पाणी मुरतं. एक, २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये कितीतरी राक्षस बिनजादूच्या शस्त्रांचं डॅमेज अर्धं घेतात. तिथे शस्त्र जादूचं होणं हीच दुप्पट वाढ असते, मग प्लस शून्य असला तरी. मंकच्या मुठी सहाव्या लेव्हलला आपोआप जादूच्या धरल्या जातात. बाकी शस्त्रवाल्यांनाही तेवढ्यात प्लस नसलेलं, नुसतं जादूचं शस्त्र देऊन टाका, खाच मोजू नका. २०२५ च्या मॅन्युअलमध्ये ही भानगडच काढून टाकलीय.

दुसरं धनुष्य. थर्ड एडिशनच्या सुधारित ३.५ आवृत्तीत धनुष्याचा आणि बाणाचा प्लस एकत्र धरत नसत, मोठा असेल तो घ्यायचा. फिफ्थमध्ये अशी आडकाठी नाही. आठव्या लेव्हलचा आर्चरी स्टाइलवाला धनुर्धर +३ धनुष्य घेऊन +१३ ला पोचतो, त्यावर +१ बाण चढवला तर +१४, आणि एसी १६ ला फाशावर २ आला तरी लागतं. लोहाराकडून अपग्रेड होत असतील तर घरच्या नियमात एक ओळ घाला: धनुष्य आणि बाण यांच्या खाचा मिळून मोजायच्या. ती ओळ पहिल्या सेशनलाच वाचून दाखवा, धनुर्धराने बाण विकत घेतल्यानंतर नको.